जावयाचा तंबू

तंबू उलगडला तशा त्याच्या घड्यांतून तीळ, गुळाचे चिकट तुकडे, कागदाचे कपटे आणि उंदराच्या लेंड्या अंगणभर सांडल्या. निळ्या कापडाला मुठीएवढी भोकं पडली होती. उंदरानं घडी आरपार कुरतडली होती, त्यामुळं तंबू पसरत गेला तशी एकसारख्या भोकांची रांगच्या रांग बाहेर येत गेली. रणजितनं हातातलं टोक सोडलं आणि पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या आईकडे.

"अहो आई," तो म्हणाला, "लाडू असे सुटे ठेवतात का तंबूत?"

आई कट्ट्यावर बसली होती. ठेवणीतली इरकल नेसलेली, मांडीवर पर्स. आम्ही दोघी कराडहून साताऱ्याला आलो होतो ते माझ्या लग्नाच्या बस्त्यासाठी. मामा, मावशी आणि रणजितचे चुलते परस्पर कापडाच्या दुकानात जमणार होते. तिथं जायला अजून वेळ होता, आणि आईच आल्या आल्या म्हणाली होती, "रणजितराव, तुमचा तंबू मी पुसला, वाळवला, बांधला, पण उभा राहिलेला काही बघितला न्हाई." त्यावर त्यानं हौसेनं शिडी लावून माळ्यावरून पिशवी खाली काढली होती.

आई उठली. तंबूजवळ येऊन वाकली, एका भोकात तिनं बोटं घातली, आणि तशीच थांबली.

"इम्पोर्टेड कापड होतं," रणजित म्हणाला. "मुंबईहून मागवला होता. आता पुसायचं फडकं म्हणून पण उपयोग नाही. गावाकडच्या पद्धती ठीक आहेत हो, पण कुठं काय ठेवावं याला काही..." वाक्य त्यानं अर्ध्यावर सोडलं. हसत सोडलं, पण सोडायच्या आधी पुरेसं बोलून झालं होतं.

मी आईकडे पाहत होते. आता ही सांगेल, अशी मला खात्री होती. माझी आई म्हणजे शब्द खाली पडू देणारी बाई नव्हे. भाजीवाल्यापासून ते कारखान्याच्या साहेबापर्यंत कुणाचं चुकीचं ती ऐकून घेत नसे. आण्णा, म्हणजे माझे वडील, गमतीनं म्हणायचे की हिच्याशी वाद घालण्यापेक्षा माणसानं उसाच्या गाडीखाली जावं.

पण आईनं बोटं भोकातून काढली, पदर खांद्यावरून पुढं घेतला आणि म्हणाली, "चुकलं माझं. लक्षात न्हाई राहिलं. भरून देऊ आम्ही."

मला लाज वाटली, आणि कुणाची ते त्या क्षणी कळेना. कारण लाडू सुटे नव्हतेच. ते मला जितकं ठाऊक होतं तितकं आईलाही होतं.

*

रणजित मला आवडला होता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं सगळं फार सोपं वाटेल.

साखरपुडा झाला आणि त्यानं आमच्याकडे येऊन विचारलं होतं, की मित्रमंडळी धरणाच्या पाण्याकाठी मुक्कामाला चाललीत, दोन-तीन मुलीही आहेत, वृषालीला पाठवाल का. आण्णा आधी नाही म्हणाले. मग माझ्या मावसबहिणीला सोबत जोडून दिलं. ती बिचारी पहिल्याच संध्याकाळी पांघरुणात शिरली आणि थेट सकाळी चहाच्या वासानं उठली, त्यामुळं राखणीचा प्रश्न मिटला. थंडी अशी होती की बोलताना दात वाजत होते. रणजितनं त्याची घोंगडी आम्हा मुलींच्या तंबूत दिली आणि स्वतः शेकोटीशी बसून राहिला. सकाळी डोळे लाल, पण चहा त्यानंच केला. अशा माणसाशी लग्न ठरलंय म्हणून मी मनातल्या मनात खूश होते.

उजाडलं तेव्हा तंबू दवानं निथळत होता. एक मित्र तसाच गुंडाळायला लागला, तर रणजित त्याच्यावर ओरडलाच.

"ओला बांधू नको. ओला बांधला की कुजला. वाळवल्याशिवाय तंबू माळ्यावर जात नाही आपल्या घरी."

मला ते आवडलं. वस्तूची एवढी कदर करणारा माणूस बायकोचीही करेल, असं आपलं एक गणित. त्या वयात गणितं अशीच असतात.

पण तंबू वाळवायचा कुठं? साताऱ्याचं त्यांचं घर दोन इमारतींच्या बेचक्यात, अंगणात ऊन येतं ते पाहुण्यासारखं, येतं आणि जातं. शिवाय त्याला त्याच दिवशी कामावर हजर व्हायचं होतं. म्हणून परतताना तो आमच्याकडे थांबला आणि आईला म्हणाला, "तुमच्याकडं गच्ची आहे. ह्याला दोन दिवस वारा लागू द्या. मी घेऊन जाईन."

आईला जणू ताम्रपटच मिळाला. जावयानं पहिल्यांदा काहीतरी विश्वासानं ठेवायला दिलं होतं. तिनं गच्चीवरचे पापड हलवले. तंबू आधी ओल्या फडक्यानं पुसला, तळाचा चिखल नखानं काढला, एक बंद उसवला होता तो शिवला. कडक ऊन लागलं तर रंग उडेल म्हणून दुपारी स्वतःची साडी वर ताणून सावली केली. खुंट्या राखेनं घासल्या, त्या चांदीच्या वाटायला लागल्या. शेजारच्या काकी खालून विचारायच्या, "काय वाळत घातलंय हो एवढं निळं निळं?" आणि आई कठड्यावरून वाकून सांगायची, "जावयाचा तंबू." अख्ख्या आळीला माझ्या लग्नाची बातमी पत्रिकेआधी त्या तंबूनं दिली.

बांधताना मात्र आमची दमछाक झाली. एकदा बाहेर आलेला तंबू पुन्हा त्याच पिशवीत मावत नाही. आम्ही तो तीनदा गुंडाळला आणि तीनदा सोडला. शेवटी आईनं नऊवारीची घालतात तशी त्याची लांब घडी घातली, मी गुडघ्यांनी दाबून आतली हवा काढली, आणि मग कुठं तो आत गेला. थोडी जागाही उरली. मी दोरी ओढणार, तेवढ्यात आई म्हणाली, "थांब. रिकामी पिशवी परत द्यायची न्हाई."

"आई, रिकामी कुठंय? तंबू आहे की आत."

"तंबू त्यांचाच आहे. त्यात आपलं काय आहे?"

शेजारून आलेली वाटीसुद्धा आमच्या घरातून रिकामी परत गेलेली नव्हती. संक्रांत जवळ आली होती, तिळाचे लाडू झाले होते. आईनं तिच्या स्टीलच्या डब्यात ते भरले. डब्यावर तिचं नाव कोरलेलं होतं, सौ. शकुंतला ना. शेवाळे. तो तिच्या रुखवतातला. झाकण असं घट्ट की तळव्यानं दाबताना माझा हात दुखला. डबा तंबूच्या मधोमध बसवला. आणि रणजित न्यायला आला तेव्हा मोटरसायकलवर पिशवी बांधता बांधता आईनं त्याला सांगितलंही, "आत लाडवांचा डबा आहे. घरी गेल्यावर आधी तो काढा आणि तुमच्या आईंना द्या. न्हाईतर राहून जाईल."

"हो हो, लगेच काढतो," तो म्हणाला होता. मी शेजारीच उभी होते.

*

आणि आता आई म्हणत होती, चुकलं माझं.

"आई, अगं डबा..." मी तोंड उघडलं.

आईनं माझा हात धरला. धरला म्हणजे चिमटाच काढला. "वृषाली, आत जा. ताईंना चहाला मदत कर."

"पण आपण तर..."

"जा म्हटलं ना."

मी रणजितकडे पाहिलं. तो मान खाली घालून एक भोक बोटानं मोठं करत होता. त्याला आठवत नसेल, असं मी स्वतःला सांगितलं. दोन महिने होऊन गेले, माणूस विसरतो. पण त्यानं मान वर केली, तेव्हा तो माझ्याकडे न बघता आईकडे बघत होता, आणि ती अजून काय म्हणते याची वाट बघत होता.

"कागदात बांधून ठेवले असतील ना तुम्ही?" त्यानं विचारलं. आवाज बराच मऊ झाला होता.

"असेल तसंच," आई म्हणाली. "हल्ली ध्यानात राहत न्हाई माझ्या."

माझ्या आईला माझ्या बारशाला कुणी किती वाराचं कापड आणलं हे पाठ होतं.

मी स्वयंपाकघरात गेले. रणजितच्या आई, मालनकाकू, ओट्याशी चहा गाळत होत्या. रणजित लहान असतानाच त्यांचे यजमान गेले, शाळेत नोकरी करून त्यांनी मुलगा वाढवला. कमी बोलायच्या. खिडकीतून अंगण दिसत होतं, त्यामुळं बाहेरचं त्यांच्या कानावर पडलं असणार.

"उंदरांचा फार त्रास आहे ह्या घरात," त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. "तुझ्या आईला सांग, एवढं मनाला लावून घेऊ नका. त्या फळीवरच्या बश्या दे."

बश्या घ्यायला मी हात वर केला आणि तसाच राहिला. बश्यांच्या मागं डबा होता. सौ. शकुंतला ना. शेवाळे.

मी तो खाली काढला. घासून पुसून लखलखीत ठेवलेला, आतून रिकामा.

"काकू, हा आमचा डबा."

"हो गं. तुमचाच." त्या सहज म्हणाल्या. "संक्रांतीच्या सुमाराला रणजितनं आणून दिला. तंबूच्या पिशवीत होता म्हणाला. मला वाटलं, चुकून आला असेल. रिकामाच होता. पण परत रिकामा कसा द्यायचा? कुरडया झाल्या की भरून पाठवू म्हणून ठेवलाय."

त्यांनी चहाची गाळणी खाली ठेवली. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग खिडकीतून अंगणातल्या तंबूकडे, मग माझ्याकडे.

"लाडू ह्यात होते?"

मी मान हलवली.

"त्याला माहीत होतं?"

"आईनं त्याला सांगितलं होतं, काकू. जाताना."

मालनकाकूंचा चेहरा उतरला. त्यांनी हात पदराला पुसले, डबा माझ्या हातातून घेतला आणि चहा तसाच ठेवून बाहेर निघाल्या. मी मागं गेले. खरं तर मला त्यांना थांबवावंसं वाटत होतं. आत्तापर्यंत हे आम्हा मायलेकींपुरतं होतं, आणि मी ते गिळून टाकलं असतं की नाही, हे आजही मला खात्रीनं सांगता येत नाही.

बाहेर आई खाली बसून सांडलेले तीळ वेचत होती. रणजित शिडीला टेकून उभा होता.

"रणजित," काकू म्हणाल्या, "हा डबा तू मला कुठून आणून दिलास?"

तो डब्याकडे बघून लालबुंद झाला. मग हसला. "अगं, हा होय! हां. आठवलं आता. लाडू ह्यातच होते. थोडे आम्ही मित्रांनी खाल्ले. उरलेले पुढच्या ट्रेकला न्यायचे म्हणून मी कागदात बांधून तंबूतच ठेवले होते. तो ट्रेक रद्द झाला. राहून गेलं. होतं असं."

"आता आठवलं?"

"म्हणजे, मघाशी थोडं लक्षात आलं होतं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"आई, त्या स्वतःच म्हणाल्या ना, चुकलं माझं म्हणून. मग मी कशाला वाढवू? विषय तिथंच मिटला होता."

हे तो अगदी निर्मळपणे म्हणाला. लपवाछपवी नव्हती त्यात. विषय मिटला होता, हे त्याला मनापासून पटलेलं होतं.

मालनकाकूंनी डबा कट्ट्यावर ठेवला. माझ्या आईसमोर येऊन त्या खाली बसल्या, तिळांनी भरलेले तिचे हात धरले, आणि मग सोडून स्वतःचे हात जोडले.

"शकुंतलाताई, माझ्या दारात तुमची मान खाली गेली. मला माफ करा."

"अहो ताई, हे काय भलतंच!" आई घाबरीघुबरी झाली. वरमाय वधूच्या आईपुढं हात जोडते, असं आमच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. आईनं त्यांचे हात ओढून खाली केले. "तुम्ही वरमाय आहात. हात काय जोडता? असू दे. पोरं आहेत. विसरतात."

"विसरला नाही तो."

रणजित शिडीच्या दोरीची गाठ सोडायला लागला, जी सोडायचं काही कारण नव्हतं. आम्ही अंगणात चौघं होतो आणि लाज वाटत होती ती तिघींना.

"आता हे ताणू नका कुणी," तो शेवटी म्हणाला. "दुकानात सगळे वाट बघत असतील. तंबूचं मी बघतो."

मालनकाकू उठल्या. माझ्याकडे वळल्या. "वृषाली, तू सांग. जायचं का बस्त्याला?"

त्यांनी आवाज चढवला नाही, पण असं विचारणारी ती पहिली बाई. मुलगी पाहायला आले तेव्हा, सुपारी फुटली तेव्हा, तारीख धरली तेव्हा, प्रत्येक वेळी विचारलं होतं ते आण्णांना. आईच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसत होतं की ती काय मागत होती. हो म्हण. तोंड मिटून हो म्हण. वैशाखातली तारीख आहे, कार्यालयाचा विसार दिलाय, आळीभर सांगून झालंय.

मी हो म्हणणारही होते. घोंगडी आठवली, शेकोटी आठवली, लाल डोळ्यांनी केलेला चहा आठवला. आणि मग आईच्या नखांत अडकलेले तीळ दिसले.

"नाही, काकू," मी म्हणाले. "मला नाही जायचं."

"एका तंबूपायी?" रणजित एकदम सरळ उभा राहिला. "वृषाली, अगं तंबूच आहे. मी काही मागतोय का तुमच्याकडून?"

"तंबूचं काही नाही. तंबूला ठिगळं लावता येतील."

"मग?"

"आई माफी मागत होती, तेव्हा तुम्ही तिच्या तोंडाकडं बघत होता."

त्याला ते कळलं की नाही, मला माहीत नाही. तो आत निघून गेला. त्याच्या पाठीकडे बघताना मला रडू आलं, कारण मला तो अजूनही आवडत होता.

आई तंबूकडे वळली. अंगणात तो तसाच उघडा पसरून ठेवणं तिला जमणारच नव्हतं. तिनं झटकून उरलेसुरले तीळ पाडले आणि घडी घालायला घेतली. दुसरं टोक मालनकाकूंनी उचललं. दोघी समोरासमोर आल्या, टोकाला टोक जुळवलं, पुन्हा मागं गेल्या. भोकांवर भोकं बरोबर बसत होती. पिशवीची दोरी ओढताना मालनकाकू रडत होत्या आणि आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती.

दुकानापर्यंत आई आणि मी दोघीच चालत गेलो. मी पायरीवरच थांबले. आई आत गेली, जमलेल्या सगळ्यांशी काहीतरी बोलली. काचेतून मला मावशीनं कपाळावर मारून घेतलेलं दिसलं. रणजितचे चुलते हातवारे करत होते, आणि आई मघासारखीच पदर पुढं घेऊन उभी होती. बाहेर आली तेव्हा एवढंच म्हणाली, "चल, एसटी मिळेल."

मला वाटलं, तिनं खरं काय ते सांगितलं असेल. मी विचारलं नाही. त्या वेळी मला माझाच अभिमान वाटत होता.

*

पुढं यथावकाश माझं लग्न झालं, सांगलीला. मुलं झाली. आण्णा गेले. कराडला गेले की काही बायका माझ्या आईविषयी जरा वेगळ्या सुरात बोलतात, हे जाणवायचं, पण आईचा फटकळ स्वभाव धरून मी ते सोडून द्यायचे. एकदोन ठिकाणच्या लग्नात तिला रुखवताला हात लावू दिला नाही, तेव्हाही मी जुन्या विचारांच्या बायका म्हणून हसले होते.

गेल्या वर्षी मावशीकडच्या एका कार्यात जेवणं झाल्यावर सगळ्या बायका पानं लावत बसल्या होत्या. माझ्या सांगलीच्या घराची गोष्ट निघाली. मावशी मला म्हणाली, "नशीब तुझं, चांगलं घर मिळालं. न्हाईतर आक्कानं काय कमी घोळ घातला होता? त्या तंबूत लाडू कोंबून ठेवले, त्यांचं एवढं महागाचं सामान उंदरांनी खाल्लं, आणि वर तिथं काहीतरी बोलली असणार. आपल्या हातानं लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं बाईनं."

"कोण म्हणतं असं?"

"कोण म्हणजे? तिनंच नाही का सांगितलं आम्हाला, दुकानात? माझ्या हातून त्यांचं नुकसान झालं, त्यांनी मोडलं, पोराचा दोष न्हाई म्हणून."

मी कराडला घरी आले. आई ओसरीत बसून वाटाणे सोलत होती. आता तिचे डोळे अधू झालेत, शेंगा हातानं चाचपून सोलते. मी समोर बसले आणि विचारलं, की तू असं का सांगितलंस. खरं का नाही सांगितलंस.

तिला आधी कशाबद्दल तेच कळेना. मग आठवलं.

"त्याला पुढं लग्न करायचं होतं की," ती म्हणाली. "खरं सांगितलं असतं, तर त्याला त्या मुलखात मुलगी कोण देणार होतं? एकुलता एक. त्या बाईनं नवऱ्यामागं वाढवलेला."

"आणि तुला लोक काय म्हणाले असतील?"

"म्हणाले. म्हणतात." तिनं एक शेंग सोलली, दाणे ताटलीत टाकले. "त्याच्या आईनं माझ्यापुढं हात जोडले होते गं. तिच्या पोराचं नाव मी चारचौघांत कसं घेणार होते?"

मी तिच्या पुढ्यातल्या मूठभर शेंगा उचलल्या आणि सोलायला लागले. वर बघायचं धाडस होत नव्हतं. इतकी वर्षं मी अशी समजूत करून घेतली होती, की त्या दिवशी साताऱ्याच्या अंगणात आईची मान मी वर केली.